पाच तारखेच्या आत

२७ फेब्रुवारी

चार दिवसांसाठी आलेय. फक्त चार. बॅग अजून दाराशीच आहे, सोडलेली नाही. वहिनी येता-जाता तिला अडखळते आणि म्हणते, "हिला आत घे, नाहीतर हिचं वेगळं भाडं लावीन."

दादाचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरमध्ये. दुकानाच्या पोटमाळ्यावरून काथ्याचं भेंडोळं खाली ओढताना शिडी सरकली. चौदा वर्षं लोकांचे कोच आणि खुर्च्या शिवतोय, बोटाला सुईसुद्धा टोचली नाही म्हणून फुशारकी मारायचा! डॉक्टरांनी सांगितलंय, तीन महिने हातोडी धरायची नाही.

मला बघून म्हणाला, "आली भिंगरी. या वेळी कुठली माती लावून आलीस पायाला?"

सर्कशीच्या तंबूवाल्यांबरोबर होते, सांगितलं. त्याआधी बोटीवरच्या स्वयंपाकघरात होते, त्याआधी सफरचंदांच्या बागेत. नववीनंतर शाळेत पाय टिकला नाही, तो नंतर कुठंच टिकला नाही. दादा कधी बोलत नाही यावरून. इतर सगळे बोलून घेतात.

ही वही त्यानंच दिली. दुकानाची जुनी ऑर्डरची वही. अर्ध्यात गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांची मापं, अर्धी कोरी. "मागच्या बाजूनं लिही. मापांवर रेघोट्या मारू नकोस, लागतात अजून."

मागून लिहितेय. मजा वाटते. उलटी वही, उलटी मी.

१ मार्च

घरात सगळे हळू बोलतात, म्हणजे पैशाचं काहीतरी. आज कळलं.

हे घर कर्जाचं आहे. चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली धुणी दिसतात. वीस वर्षांचं कर्ज, आठ फिटलेली. आठ वर्षांत एक हप्ता चुकला नाही. दादा हे असं सांगतो जसं दुसरा कोणी पदक दाखवेल. आता काम बंद. वहिनीचा लाँड्रीतला पगार खाण्यापिण्यात आणि विजेच्या बिलात संपतो.

तर बँकेत हप्त्याची सवलत असते म्हणे. अडचणीतल्या माणसानं अर्ज करायचा, बँक तीन महिने हप्ता थांबवते. दादानं फोन केला होता. फोनवरच्या बाई दोनदा म्हणाल्या, अर्ज पाच तारखेच्या आत शाखेत पोचला पाहिजे. हप्ता पाचला कापला जातो.

अर्ज मी भरला, कारण अक्षर काढणारा हात प्लास्टरमध्ये. सही मात्र त्यालाच करावी लागणार. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांत पेन धरून जुन्या वर्तमानपत्रावर वीस मिनिटं सराव. वहिनी म्हणाली, "अहो, एवढा सराव शाळेत केला असता तर आज बँकेतल्या खुर्चीवर बसला असता. खुर्ची शिवत बसला नसता."

"खुर्ची कोणी शिवायची मग?"

सही झाली. कोंबडीनं केल्यासारखी, पण झाली. पाकीट माझ्या हातात दिलं. "मंगळवारी टाकून ये. एवढं एक कर."

एवढं एक. त्यात काय?

४ मार्च

आज पियानो पाहिला! हवेत!

बँकेच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीची चौकट काढलेली आणि तिथून दोरांवर एक आख्खा काळा पियानो खाली येत होता. खाली पन्नास माणसं तोंड वर करून. मी बघितलं तर डावीकडच्या दोराची गाठ चुकीची. ती गाठ ओझ्याखाली सरकते, तंबूवाल्यांनी मला पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. मी ओरडले. पियानोवाल्यांचा मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" म्हटलं, मी कोणी नाही, पण तुमचा पियानो पडणार आहे. त्यानं पियानो दुसऱ्या मजल्याशी थांबवला, मी वर जाऊन गाठ बदलली. खाली आला तेव्हा एवढासा आवाज झाला नुसता, आतल्या सगळ्या तारा एकदम कुजबुजल्यासारखा.

मग मुकादम म्हणाला, चला आमच्याबरोबर, उतरवायचाही आहे. ट्रकमध्ये पियानोशेजारी बसून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं घर. दोन जिने, त्यातला दुसरा वळणाचा. तिथंच संध्याकाळ झाली. बाईंनी चहा दिला, पैसे दिले मुकादमानं. उकडत होतं म्हणून —

नाही, ते नंतर.

घरी आले तर दादा दारातच. "टाकलंस?"

"हो."

कशाला म्हटलं मी हो? उद्या सकाळी बँक उघडायच्या आत जाऊन टाकणारच होते, म्हणून. एका रात्रीचा तर फरक.

५ मार्च

जाकीट ट्रकमध्ये राहिलं. पाकीट जाकिटात.

५ मार्च, परत

दुपारी दादाच्या फोनवर मेसेज. हप्ता जमा होऊ शकला नाही, खात्यात पुरेसे पैसे नाहीत.  दादानं खात्यातले पैसे डॉक्टरांना देऊन टाकलेत, सवलत मिळणार म्हणून.

त्यानं मेसेज वाचला आणि हसला. "यंत्राला अजून पत्ता नाही. अर्ज तर काल पोचलाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. वहिनीनं त्याच वेळी विचारलं, अंडं उकडून हवंय की तळून. मी म्हटलं, तळून.

८ मार्च

तीन दिवस ट्रक शोधतेय. मुकादमाचं नाव माहीत नाही, नंबर नाही. शिक्षिकाबाईंकडे गेले, त्यांनी सांगितलं त्या गल्लीत गेले, तिथून दुसऱ्या गल्लीत. शेवटी आज दुपारी एका लाकडाच्या वखारीमागे तो ट्रक. जाकीट ड्रायव्हरच्या सीटवर पसरलेलं. बसायला मऊ म्हणे! पाकीट आत, चुरगळलेलं, पण बंद.

पळत बँकेत. शनिवार. बंद. दाराशेजारी अर्जांची लोखंडी पेटी असते, फट असलेली. तिच्यात टाकलं. पडल्याचा आवाज ऐकला. आतमध्ये बरेच कागद असणार, आवाज मऊ आला.

सुटले. सुटले ना?

१३ मार्च

पत्र आलं. सवलत मंजूर!

दादानं वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. वहिनी पंधरा दिवसांनी नीट हसली. मी नंतर पत्र घेऊन न्हाणीघरात जाऊन वाचलं. लिहिलंय, "मंजुरीनंतरचे पुढील तीन देय हप्ते." मंजुरीची तारीख १२ मार्च. दादा बोटांवर मोजत होता, मार्च, एप्रिल, मे. माझ्या हिशोबानं एप्रिल, मे, जून.

मग मार्चचा कुठं गेला?

मला काय कळतं बँकेतलं? नववी नापास माणूस मी. ते लोक बघतील. पत्र पुन्हा होतं तसं घडी घालून कपाटात ठेवलं.

बॅग सोडली आज. तंबूवाल्यांना कळवलं, उशिरा येते.

२१ मार्च

दुकानात जाऊन बसते हल्ली. घरी बसलं की कपाटाकडे लक्ष जातं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढं काच, मागं कापडांचे ताके, मधे उलट्या टाकलेल्या खुर्च्या पाय वर करून. मालक म्हणजे दादाचे मालक. त्यांना सगळे मालकच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा म्हणायची. सत्तरीचे. हात थरथरतात, पण कापडावरून फिरवले की थांबतात.

आज एका खुर्चीचा खालचा पट्टा ताणायचा होता. दादाला प्लास्टरमुळे जमत नाही, मालकांची ताकद पुरत नाही. मी म्हटलं, द्या इकडे. तंबूचा दोर ताणतात तसा अंग मागे टाकून ताणला, मालकांनी खिळे मारले. त्यांनी बोटानं पट्ट्यावर टिचकी मारली. ढोलकासारखा वाजला.

"हिला कोणी शिकवलं रे?"

दादा म्हणाला, "सर्कशीनं."

"मग माणसानं सर्कशीतच जावं शिकायला. तू माझ्याकडे कशाला आलास?"

दिवसभर पट्टे ताणले. कपाटातलं पत्र दिवसभर आठवलं नाही. आता लिहिताना आठवलं.

२ एप्रिल

दादाचं प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, मूठ वळत नाही. लिहितो डाव्यानं, ती अक्षरं बघून वहिनी त्याला पहिलीत बसवते.

आणि मोठी बातमी. मालक दुकान सोडतायत. मुलीकडे राहायला जाणार. दुकान दादानं घ्यावं असं त्यांच्या मनात आहे. म्हणाले, "बाहेर एक जण तयार आहे, त्याला इथं मोबाईलची कव्हरं विकायचीत. तू घेतलंस तर मला रात्री झोप लागेल. एप्रिलअखेर सांग."

त्यासाठी दुसऱ्या एका बँकेचं धंद्याचं कर्ज. त्या बँकेची अट एकच मोठी, क्रेडिट स्कोअर सातशेच्या वर हवा. दादाचा जानेवारीत ७६८ होता. त्यानं तेव्हा तो आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला होता. अजून आहे. आठ वर्षांची कमाई म्हणतो त्याला.

दादा आज शिट्टी वाजवत होता. मला चौदा वर्षांपूर्वीचा दादा आठवला, दुकानात पहिल्या दिवशी जाताना तसाच वाजवत गेलेला.

मार्चचा हप्ता. मार्चचा हप्ता. मार्चचा हप्ता.

९ एप्रिल

६६१.

दादा, वहिनी आणि मी तिघं एका फोनवर वाकून बघत होतो. दादा म्हणाला चुकून दुसऱ्याचा आला असेल. परत काढला. ६६१.

वहिनी म्हणाली, "माझ्या लाँड्रीतली बाई सांगत होती. सवलत घेतली की पत जाते. फुकट काही देत नाहीत हे लोक. एका हातानं थांबवतात, दुसऱ्यानं नोंदवतात."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही विचारलंत का पण?"

दादानं फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "माझीच अक्कल. उसने मागायला हवे होते, पण हप्ता भरायला हवा होता." आणि फ्रिजवरचा कागद काढून खिशात घातला.

मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात समोरच्यांची धुणी मोजली. सतरा कपडे. त्यात सहा मोजे, पण जोड्या दोनच.

तो स्वतःला दोष देतोय. सवलतीला दोष देतोय. दोष माझ्या जाकिटाचा आहे.

१० एप्रिल

बँकेत गेले. कोणाला न सांगता.

तासभर बसवलं. काउंटरवरचं पेन दोरीला बांधलेलं असतं, त्याची गाठ सुटत आलेली. मी ती नीट बांधली. मग कर्जाच्या खिडकीतल्या मॅडमनी बोलावलं. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सारलेला, बोलणं सरळ.

मी विचारलं, सवलत घेतल्यानं स्कोअर पडतो का?

मॅडम म्हणाल्या, "ऐका. हप्ता द्यायच्या आधी तुम्ही विचारलंत, आम्ही हो म्हटलं, मग थांबलात, तर नोंदीत तुम्ही नियमितच. व्याज चढत राहतं, तो भाग वेगळा. दुसरी बँक बघेल तेव्हा सवलतीचा शेरा दिसेलही, चार प्रश्न विचारतील. पण आकडा असा कोसळत नाही. मात्र आधी थांबलात आणि मग विचारलंत, तर तो आधीचा हप्ता चुकलेलाच. सवलत मागं जाऊन त्याला झाकत नाही. तीस दिवस झाले की आम्हाला कळवावंच लागतं."

मग दादाची फाईल उघडली. "हे बघा. अर्जावर शिक्का १० मार्चचा. हप्ता पाचचा. मार्चचा हप्ता आजही थकीत आहे. अर्ज दिला कधी होता?"

खरं सांगायला गेले होते. देवाशप्पथ, तेच सांगायला गेले होते.

म्हटलं, "चार मार्चला. बाहेरच्या पेटीत."

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "चारला? पेटी रोज उघडायची असते." मग मागे वळून कोणाला तरी, "अहो, पेटी रोज उघडतात ना आपली?" मागच्या टेबलावरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चारला टाकला असेल आणि आम्ही दहाला काढला असेल, तर चूक आमची. मी खुलासा मागवते. नोंद दुरुस्त होऊ शकते."

होऊ शकते! एका वाक्यानं! बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. मग पेटीपाशी आले आणि पाय परत जमिनीवर आले. पेटीला कुलूप. त्याची किल्ली कोणाकडे तरी असणार.

११ एप्रिल

दादाला सांगितलं. बँकेची चूक आहे, मी चारला टाकलेला अर्ज त्यांनी दहाला काढला, दुरुस्त करतील.

वहिनीनं मला मिठी मारली. दादानं नाही. तो म्हणाला, "कोण उघडतं ती पेटी?"

"असेल कोणीतरी."

"हं."

एवढंच.

१३ एप्रिल

दादानं वही मागितली. मालकांकडे एका डॉक्टरीणबाईंच्या आठ खुर्च्या परत आल्यात, जुनी मापं हवीत. माझ्या बाजूची पानं रबरबँडनं बांधून दिली. दोन वेढे घालून. "इकडचं माझं आहे," म्हटलं.

"मला काय करायचंय तुझं सफरचंदांचं पुराण?"

संध्याकाळी परत दिली. दादा खालमानेनं जेवला आणि लवकर उठला.

१४ एप्रिल

सोमवार. बँकेसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. बघायचं होतं, पेटी कोण उघडतं.

एक काका आले बाहेर. गुडघ्याला पट्टा, हळूहळू. किल्ली लावली, कागद काढून छातीशी धरले, खाली एक पडला तो वाकून घेता येईना. मी जाऊन उचलून दिला. जायला नको होतं.

म्हणाले, "थँक्यू बाळ. हा गुडघा बघ. मी वरच्या मजल्यावर बसतो. रोज उतरायचं असतं, पण जमत नाही. सोमवारचा सोमवार काढतो. कधी काही बिघडलं नाही. आता कोणाचा तरी अर्ज माझ्यापायी उशिरा लागला म्हणतात. त्यांचं घराचं कर्ज आहे बिचाऱ्यांचं. लेखी खुलासा द्यायचाय उद्यापर्यंत."

मी म्हटलं, "काय लिहिणार?"

"काय लिहायचं? सोमवारी काढतो हे तर खरं. चूक माझीच म्हणून सही करीन. पाच महिने राहिलेत निवृत्तीला, तेवढे ढकलू देतील तर बरं."

माझं खोटं त्यांच्या खऱ्यात असं नेमकं बसलंय. शिवणीसारखं. कुठं टाका दिसत नाही.

१५ एप्रिल

तंबूवाल्यांचा निरोप. वीसला नवीन गावात तंबू उभा राहतोय, येणार असशील तर ये, नाहीतर दुसरी बघतो.

पळून जायची इच्छा होणं आणि जावं लागणं, एकाच दिवशी जमून आलं. असं नेहमी जमून येतं माझं.

दादा सकाळी कुठं तरी गेला होता. इस्त्रीचा शर्ट घालून. दुपारी आला. विचारलं नाही.

१६ एप्रिल

गेले. रात्रभर ठरवून, माझ्या डब्यात साठवलेले सगळे पैसे बरोबर घेऊन, सकाळी पहिली माणूस मी, बँकेचं शटर वर जायच्या आधी.

मॅडमना म्हटलं, पेटीवाल्या काकांची चूक नाही. अर्ज मी शनिवारी आठ तारखेला टाकला. चार तारखेला मी दुसरीकडे होते.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग फाईल उघडून एक कागद फिरवला माझ्याकडे. "तुमचे भाऊ काल येऊन गेले."

डाव्या हाताची अक्षरं. पहिलीतल्या पोराची. "अर्ज मुदतीत पोचला नाही ही चूक माझी आहे. पाकीट माझ्याकडेच राहिलं होतं. पेटी उघडणाऱ्या गृहस्थांना त्रास देऊ नये. नोंदीत दुरुस्ती नको." खाली ती कोंबडीची सही.

म्हणजे त्याला माहीत आहे. कसं? कोणी सांगितलं? मुकादम? शिक्षिकाबाई? त्यांना तर दादा माहीतही नाही.

मी म्हटलं, "चूक त्याची नाही हो. माझी आहे."

"ते घरी आपसात ठरवा. नोंदीवर नाव एकच आहे."

मार्चचा हप्ता आणि वरचा दंड, दोन्ही भरले. तंबूचे, पियानोचे, सगळे. मॅडमनी पावती दिली. "थकीत गेलं. शेरा राहील. आता पुढचं सगळं वेळेवर गेलं की आकडा हळूहळू चढतो. वर्ष धरून चाला."

वर्ष. मालक एप्रिलअखेर म्हणाले होते. आज सोळा.

वर काकांकडे गेले. एक जिना मलाही चढवेना. काका मात्र खुशीत. "अगं, सुटलो. त्या गृहस्थांनी स्वतःच येऊन लिहून दिलं. अशी माणसं असतात बघ." आणि मला खिशातली लिमलेटची गोळी दिली. ती मी खाल्ली नाही. अजून आहे.

घरी आले. दादा म्हणाला, "जेवलीस?" मी म्हटलं, "हो." परत खोटं. सवय.

पावती फ्रिजला चिकटवली, जुन्या आकड्याच्या जागी. त्यानं पाहिली. कोपरा निघत होता तो दाबून बसवला. 

१७ एप्रिल

दादानं आज मालकांना सांगून टाकलं. मी कापडाच्या ताक्यांमागे होते.

"मालक, नाही जमत. स्कोअर पडलाय. वर्ष लागेल म्हणतात."

"कशानं पडला?"

"माझाच हलगर्जीपणा."

 मालक नुसती कात्री उघडमीट करत होते. मग म्हणाले, "वर्ष थांबेन मी. मुलगी काय, इतकी वर्षं माझ्यावाचून राहिली, अजून एक राहील. कव्हरवाल्याला नाही म्हणून सांगतो. पण दुकान बंद ठेवून नाही थांबता येणार रे. जागेचं भाडं महिन्याच्या महिन्याला निघायला हवं. आणि हात किती आहेत इथं? माझे दोन्ही कापतात. तुझा एक आखडलाय. दीड हातावर आठ खुर्च्या कशा व्हायच्या?"

दादा म्हणाला, "बघतो कोणीतरी."

मालकांनी ताक्यांकडे बघितलं नाही. दादानंही बघितलं नाही. त्या न बघण्यानं मी ताक्यांमागे आणखी आत सरकले.

वर्षभर एका खोलीत? मी? आणि त्याच्याशेजारी बसून, रोज, त्याला सगळं माहीत असताना?

१८ एप्रिल

बॅग भरली. उद्या सकाळच्या बसनं. वहिनीला म्हटलं, तंबूवाले बोलावतायत. ती म्हणाली, "चार दिवस म्हणून आलीस, पन्नास राहिलीस. खूप झालं तुझ्या मानानं." टोमणा नव्हता. खरं तेच बोलली, म्हणून जास्त लागलं.

दादा म्हणाला, "डबा घेऊन जा."

तो विचारत नाही. मी सांगत नाही. त्यानं विचारलं असतं तर मी पाया पडले असते.

१९ एप्रिल

बसथांबा. बसला अजून दहा मिनिटं.

डब्यात तळलेली अंडी आणि ब्रेड. वेळ जावा म्हणून वही काढली. रबरबँडला एकच वेढा आहे. काल रात्री लिहून झाल्यावर मी दोन घातले होते. एका हातानं घातला तर एकच बसतो. तेरा तारखेला वही परत आली तेव्हाही एकच होता, आता आठवतंय.

४ मार्चचं पान काढलं. खाली मोकळी जागा होती. तिथं पेन्सिलीनं, डाव्या हाताची अक्षरं —

"पियानो शाबूत पोचला का?"

बस आली. ड्रायव्हरनं विचारलं, चढताय का?

पोचला, दादा. वळणाच्या जिन्यावर जरा घासला, तेवढंच. पेन्सिल तुझीच वापरतेय, वहीतच राहिली होती. आठला दुकान उघडतं ना? आत्ता पावणेआठ झालेत, चालत येतेय.